चांदीवरचे देव

रोमच्या फोरममध्ये हिंडताना तीन उंच संगमरवरी खांब नजरेत भरतात. कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या देवांच्या देवळाचे आता एवढेच शिल्लक आहे. लढाईत रोमनांच्या मदतीला धावून आलेल्या या भावांनी इथल्याच झऱ्यावर आपल्या घोड्यांना पाणी पाजले, अशी जुनी कथा आहे.

माझी नि त्यांची ओळख आदल्या दिवशीच झाली होती, चांदीवर! तेर्मिनी स्टेशनजवळच्या पालात्सो मास्सिमो या संग्रहालयाच्या तळघरात नाण्यांचा मोठा संग्रह आहे. इ. स. पूर्वी २११च्या सुमारास निघालेला देनारियस तिथे पाहिला. वजन साडेचार ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला भाले रोखून दौडणारे हे जुळे. आपल्या संस्कृतातला ‘दीनार’ तो हाच.

फोरमवरून कॅपिटोल टेकडीकडे निघालो. आराचेली चर्चच्या १२४ पायऱ्या चढता चढता धाप लागली. जूनो मोनेता देवीचे देऊळ इथेच होते, असे परंपरा सांगते. त्याला लागूनच टाकसाळ होती. इंग्रजीतला ‘मनी’ हा शब्द या मोनेतावरूनच आला.

देवीच्या शेजारच्या या टाकसाळीने दीडशेहून अधिक वर्षे जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर येऊ दिला नाही. इ. स. पूर्वी ४४मध्ये सीझरने तो संकेत मोडला. पुढे स्वतःचा चेहरा, मागे व्हीनस. तिला तो आपली कुलमाता म्हणवी. त्याच वर्षी त्याचा खून झाला. पण मौज अशी की, दोनच वर्षांनी ब्रूटसनेही स्वतःचा चेहरा नाण्यावर छापला आणि मागे दोन खंजीर!

मग चांदीलाच ओहोटी लागली. इ. स. ६४मध्ये नीरोने वजन आणि कस दोन्ही घटवले. पुढे देनारियसची जागा दुसऱ्या नाण्याने घेतली. गॅलिएनसच्या अखेरीस, इ. स. २६८च्या सुमारास, त्यात चांदी शेकडा पाचाच्याही आत उरली. तांब्यावर नुसता मुलामा! आणि नेमक्या त्याच नाण्यांवर डायनाचे हरीण, नेपच्यूनचा जलघोडा आणि ‘सम्राटाच्या रक्षणकर्त्या’ देवांची रांगच लागली. कस गेला, तसा देवांचा धावा वाढला.

मला आजी आठवली. लक्ष्मीपूजनाच्या ताटात ती राणीछाप रुपयेच मांडी. १९४० साली रुपयातली चांदी सुमारे ९२ टक्क्यांवरून ५०वर आली होती, हे आकडे तिला ठाऊक नव्हते. ती रुपया फरशीवर वाजवून पाही. खणखणला तर ताटात. बद्द वाजला तर बाजूला. मग त्यावर राजा असो की आणखी कोणी.

तळघरातली नाणी काचेआड होती. वाजवून पाहता आली नाहीत, एवढीच हळहळ वाटली.