कुटुंब

मराठी शिकवणाऱ्या माणसाने सरकारी कागद वाचू नयेत. त्याला शब्द दिसतात, अटी दिसत नाहीत.

माझे मामा आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचे. पुलगावच्या दारूगोळा भांडारात कारकुनी करून निवृत्त झाले. ते आता बहात्तर वर्षांचे, मामी चौसष्टच्या. २०२४ च्या धनत्रयोदशीला, २९ ऑक्टोबर रोजी, सत्तरी गाठलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे दार उघडले. उत्पन्नाची अट नाही. रुग्णालयात भरती झाल्यास कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार फुकट. सुट्टीत ही वार्ता घेऊन मी मोठ्या उत्साहाने रोहण्याला गेलो.

मामांपाशी केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे जुने कार्ड आहे. तिचे दवाखाने नागपुरात. रोजच्या गोळ्यांसाठी नागपूर कोण गाठणार? म्हणून ते निवृत्तिवेतनाबरोबर दरमहा १००० रुपये वैद्यकीय भत्ता घेतात आणि कार्ड मोठ्या दुखण्यासाठी राखून ठेवतात. नव्या योजनेत जायचे, तर हे कार्ड सोडायला हवे. दोहोंपैकी एकच.

"द्या सोडून, मामा!" मी म्हणालो. "कुटुंबाला ५ लाख म्हणजे काय थोडे झाले?"

मामांनी चष्मा पुसला. "कुटुंबाला म्हणून राहिला आहेस, मग आमच्या कुटुंबाचं नाव आहे का रे त्यात?"

जुन्या माणसांच्या तोंडी कुटुंब म्हणजे बायको. मी कागद पुन्हा वाचला. त्यातले कुटुंब म्हणजे घरातली फक्त सत्तरीची माणसे. ५ लाख त्यांच्यातच वाटून घ्यायचे. मामी त्यात बसत नव्हत्या. जुन्या कार्डात त्या होत्या. माझे एम. ए. तिथेच ओशाळले.

एवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखले होते ते त्यांच्या. मी ते विसरलो होतो. मामा विसरले नव्हते.

"सहा वर्षांनी सांग बाबा मला हे," मामी हसून म्हणाल्या.

परतताना सेवाग्राम स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलो. इथल्या कस्तुरबा रुग्णालयाने एके काळी भोवतालच्या खेड्यांत आरोग्याच्या विम्याचा हप्ता ज्वारीच्या रूपात घेतला होता. सुगी झाली की घरटी ज्वारी घालायची, दुखण्यात आधार मिळायचा. तो हिशेब मापट्याने होई. आमचा कागदाने होतो. म्हणून आता तीन प्रश्न आधी विचारतो. नावे कोणाकोणाची? रोजची गोळी त्यात बसते का? आणि रुग्णालय किती लांब?

मामांनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला होता, आणि त्यांना तेवढा पुरला.