उतरणारं विमान, चढणारी केबिन

लेहला पोचताना एक गंमत घडते. विमान खाली येत असतं आणि आतली केबिन मात्र वर चढत असते. हे मी ऐकीव सांगत नाही, मोबाइलवर आकडे बघत बसले होते. अलीकडच्या बऱ्याच फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो आणि तो फ्लाइट मोडवरही चालतो. नोकरीची सगळी वर्षं ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, प्रयोगशाळेच्या भिंतीवर वायुभारमापक टांगलेला असायचा. पण त्यातला पारा दिवसभरात हलून हलून किती हलणार? इथे दाब डोळ्यांदेखत घसरत होता.

दिल्लीच्या धावपट्टीवर आकडा 970 हेक्टोपास्कलच्या आसपास होता. विमान वर गेलं तसा तो हळूहळू उतरला आणि 780 ला येऊन थांबला. शेजारी माझा आतेभाऊ होता. वायुदलात विमानांच्या देखभालीवर उभी हयात गेलेली, त्यामुळे त्याच्याबरोबर प्रवास म्हणजे फुकटचा वर्ग.

"दादा, बाहेर किती असेल?"

"आपण चौतीस हजारांवर आहोत. अडीचशे धर."

म्हणजे खिडकीपलीकडे समुद्रसपाटीवरच्या दाबाचा चौथा हिस्सा. तिथे प्राणवायूशिवाय माणूस मिनिटभरात भान हरपतो. आत 780, म्हणजे साधारण सात हजार फुटांवरची हवा. आपल्याला वाटतं विमानात जमिनीवरचीच हवा असते. तसं नसतं. केबिनमधला दाब एरवी आठ हजार फुटांवरच्या हवेपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, असा नियम आहे. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरवर. आम्ही त्याच्याहून पाचशे मीटर अधिक उंचीच्या हवेत बसून चहा पीत होतो. गुडघे न दुखवता.

समुद्रसपाटीचाच दाब का ठेवत नाहीत, हा माझा पुढचा प्रश्न. दादानं खिडकीच्या चौकटीवर बोट टेकवलं. "अगं, हे सगळं फुगतं. आत जास्त, बाहेर कमी. दर उड्डाणाला फुगायचं आणि उतरल्यावर परत बसायचं. जितका फरक जास्त, तितकं धड जाड करावं लागणार, तितकं वजन." मी मनात गणित केलं. आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक 530 हेक्टोपास्कल. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पाच टनांहून अधिक भार. उंचावर उडत्या विमानाचं दार कुणी उघडेल ही भीती त्यामुळेच निरर्थक. बहुतेक दारं आतून चौकटीत घट्ट बसलेली असतात आणि तेवढा भार हातानं ओढणारा माणूस अजून जन्मायचा आहे. बोइंग 787 सारख्या नव्या विमानांचं धड धातूऐवजी कार्बन तंतूंच्या मिश्र पदार्थाचं असतं, ते हा ताण जास्त सोसतं. म्हणून त्यांची केबिन सहा हजार फुटांवर ठेवता येते आणि लांबच्या प्रवासानंतर डोकं कमी जड होतं.

या फुगण्याची किंमत जगाला 1954 साली कळली. ब्रिटनचं कॉमेट हे पहिलं प्रवासी जेट. त्या वर्षी जानेवारीत एक कॉमेट इटलीजवळ एल्बा बेटाच्या परिसरात हवेतच फुटलं आणि एप्रिलमध्ये दुसरं नेपल्सजवळ. फार्नबरोच्या संशोधन संस्थेनं एका कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवलं आणि आत पाण्याचा दाब पुन्हा पुन्हा वाढवून-घटवून पाहिला. धड फाटलं. धडात खिडक्यांसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांजवळ ताण एकवटत होता आणि धातू थकत होता. आज आपण ज्या गोलसर खिडकीला कपाळ टेकवून ढग बघतो, तिच्या गोलाईमागे ही दोन विमानं आहेत. खिडकीच्या काचेत खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं, तेही दादानं दाखवलं. आतला दाब त्यातून पलीकडे जातो आणि सगळा भार सर्वांत बाहेरची काच पेलते, मधली राखीव.

इतक्यात विमान उतरायला लागलं. नेहमी अशा वेळी केबिनमधला दाब वाढतो. इथे 780 चा 760 झाला, 740 झाला आणि शेवटी 685 ला थांबला. कारण साधं आहे. लेहचा विमानतळ 3256 मीटरवर, म्हणजे साडेदहा हजार फुटांच्याही वर. दार उघडण्याआधी आतला आणि बाहेरचा दाब सारखा करावा लागतो. इंजिनातून दाबलेली हवा केबिनमध्ये सतत येत असते आणि शेपटीकडच्या एका झडपेतून बाहेर सोडली जाते. ती झडप किती उघडायची, यावर सगळा हिशेब. लेहसाठी ती उतरतानाही उघडत जाते. परिणाम असा, की लेहला उतरताना कानाला दडे बसत नाहीत.

बॅगेतलं बाकरवडीचं पाकीट मात्र फुगून उशी झालं होतं. पोटाचंही तेच. दाब कमी झाला की वायूचं आकारमान वाढतं, हा बॉइलचा नियम मी फळ्यावर किती वर्षं लिहिला! नेहमीच्या उड्डाणातही आतड्यातला वायू चौथा-तिसरा हिस्सा वाढतो. लेहला पोचेपर्यंत जवळजवळ निम्मा. आदल्या रात्री मटकीची उसळ चापणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

लेहमध्ये दोन दिवस पडून राहायचं, जिने चढायचे नाहीत, हे सगळे सांगतात आणि ते खरंच पाळावं. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. विमानांची अडचण कमी माहीत असते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि ऊन तापलं की हवा आणखी पातळ होते. म्हणून तिथली बहुतेक उड्डाणं सकाळची आणि वजनाला लगाम. 2024 च्या जुलैअखेरीस लेहमध्ये इतका उकाडा झाला की काही उड्डाणं रद्दच करावी लागली.

परतायच्या आधी मला सर्दी झाली. पँगाँगचा वारा लागला असावा. नाक चोंदलेलं, तिकिटं काढलेली. दादा म्हणाला, "लेहहून निघताना उलटं होतं बघ. विमान चढेल आणि केबिन उतरेल." खरंच तसं झालं. विमान आकाशात झेपावत होतं आणि माझ्या फोनवरचा आकडा वाढत होता. कानाला तिथेच दडे बसायला सुरुवात झाली. दिल्लीपर्यंत 685 चे 970 व्हायचे होते, तेही तासा-सव्वातासात.

कानाचं गणित एकतर्फी आहे. पडद्यामागच्या पोकळीला घशाशी जोडणारी एक बारीक नळी असते. दाब कमी होताना आतली हवा त्या नळीतून आपोआप बाहेर पडते. दाब वाढताना मात्र बाहेरची हवा आत घ्यावी लागते आणि त्यासाठी नळी उघडावी लागते. ती उघडते गिळल्यावर, जांभई दिल्यावर. सर्दीत तिचं अस्तर सुजतं. मग बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलत राहतो, आणि फरक फार वाढला की नळी अशी मिटते की गिळूनही उघडत नाही. मी नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकर मारून पाहिली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वालसाल्वा नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं सांगितलेली ही युक्ती. डावा कान टक्‌ करून सुटला. उजवा हटून बसला. शेवटच्या पंधरा मिनिटांत कानात सुई टोचल्यासारखी कळ येत राहिली. बोलायचं सोडाच, मान वळवणं नको झालं.

पुढच्या रांगेत एक तान्हं मूल आक्रोश करत होतं. आई बिचारी त्याला खुळखुळा दाखवत होती, आणि आजूबाजूचे लोक कपाळाला आठ्या घालून बघत होते. मी पुढे वाकून तिला सांगितलं, त्याला अंगावर घे, दूध पिऊ दे. बाळ चुटूचुटू प्यायला लागलं आणि काही वेळात शांत झालं. पिताना ते गिळतं, गिळताना नळी उघडते. रडण्यानंही थोडी उघडते म्हणा, पण तो उपाय सगळ्या विमानाला महाग पडतो.

लेहमध्ये झाकण घट्ट लावलेली माझी रिकामी बाटली दिल्लीत चेपून चपटी झाली होती. पुण्याला आल्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. पडदा लाल, आत ओढलेला, मागे पाणी साचलेलं. औषधं झाली, काही आठवडे एका कानानं संसार ऐकला, मग सगळं ठीक झालं. डॉक्टर म्हणाले, प्रवास टाळता येत नसेल तर उतरायच्या अर्धा तास आधी नाक मोकळं करणारे थेंब घालायचे होते. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तेही विचारूनच.

20 सप्टेंबर 2018 ला मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात केबिनमध्ये हवा सोडणारं बटण चालू करायचं राहून गेलं. प्राणवायूचे मुखवटे लोंबले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानातून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत फिरलं. बातमी देशभर गाजली. पण माझ्यासारखे दडे बसलेले कान घेऊन घरी जाणारे लोक रोज असतात, त्यांची बातमी होत नाही. जीवरक्षक जाकीट कसं फुगवायचं हे आपल्याला प्रत्येक उड्डाणाला दाखवतात. ते दाखवायलाच हवं. पण विमान उतरू लागताना "आता जागे व्हा, घोट घोट पाणी प्या, बाळाला पाजा" एवढं एक वाक्य कुणी बोलत नाही. याला खर्च शून्य आहे. झोपेत माणूस फार कमी वेळा गिळतो, त्यामुळे उतरताना झोपलेल्यांचे कान जास्त दुखावतात.

दाबाच्या या त्रासात आपल्याकडे आता एक नवी भर पडली आहे. तारकर्ली-मालवणला स्कूबा करायचं आणि त्याच संध्याकाळी मोपा किंवा चिपीहून विमान गाठायचं, असे बेत सर्रास आखले जातात. पाण्याखालच्या दाबानं रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे होऊन बाहेर येऊ शकतो. एका साध्या डुबकीनंतर किमान बारा तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, असा पाणबुड्यांचा दंडक आहे. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल, किंवा नुकतीच फुप्फुसातून हवा गळली असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि विमान उतरायला लागलं की शेजारी कुणी घोरत असेल, तर संकोच न करता त्याला उठवा.