पुरानंतरचा आवाज

गाडी मामांची. २०११ ची पिकअप, मुखेड तालुक्यातल्या माझ्या आजोळची. सोयाबीन, तूर, हरभरा लातूरच्या मोंढ्यावर न्यायचा आणि परत येताना पेंड, खताची पोती नाहीतर कुणाच्या घराचं सिमेंट आणायचं, हा तिचा धंदा. गेल्या हिवाळ्यात तिला आवाज लागला. काटा पंचावन्नच्या पुढं गेला की मागून ‘हूंऽऽ’ असा सूर निघायचा. साठला तो भरात यायचा. माल भरलेला असला तर जास्त, रिकाम्या गाडीत कमी. मामांचा फोन आला, “गाडी रडायलीय रे. तू एकदा बघ.” लातुरात माझं पार्ट्सचं दुकान आहे, त्यामुळे नात्यातल्या सगळ्या गाड्यांची दुखणी माझ्याकडंच येतात.

तोवर एका गॅरेजात मागच्या दोन्ही चाकांची बेरिंगं बदलून झाली होती. दुसऱ्या ठिकाणी टायर बदला म्हणून सांगितलं होतं. आवाज जिथल्या तिथं. या अंदाजपंचे कामाचा मला मनापासून राग आहे. एकच गाडी असलेल्या माणसाचं कितीतरी भाडं त्यात जातं, आणि गाडी उभी राहते ते दिवस वेगळेच. चेसिसमधून आवाज इकडून तिकडं पळतो. मागचा आवाज सीटखाली ऐकू येतो, पुढचा मागं. म्हणून आवाज कुठून येतोय यापेक्षा तो केव्हा येतो आणि केव्हा थांबतो, हे आधी विचारायला हवं. त्यासाठी पाना लागत नाही, रस्ता लागतो.

हौद्यात खताची पोती तशीच ठेवून आम्ही दोघं लातूरहून नांदेडच्या रस्त्याला लागलो. चाकूर मागं पडेपर्यंत टायरचा प्रश्न मिटला. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो, डांबरावर एक आणि सिमेंटवर दुसरा. हा कुठंच बदलत नव्हता. शिरूर ताजबंदच्या पुढं रस्ता मोकळा पाहून गाडी हळूच डावीकडं-उजवीकडं डुलवली. चाकाचं बेरिंग गेलेलं असेल तर भार त्या बाजूला गेला की घरघर वाढते आणि उलट्या बाजूला कमी होते. तसंही काही झालं नाही.

मग गिअरबॉक्स. साठचा वेग धरून पाचव्यातून चौथा टाकला. इंजिनाचे फेरे वाढले, पण मागचा सूर तोच राहिला. म्हणजे आवाज इंजिनाच्या गतीशी बांधलेला नाही, चाकांच्या गतीशी बांधलेला आहे. शिवाय या गाडीत चौथा गिअर थेट असतो. इंजिनाकडचा आणि मागं जाणारा असे दोन्ही शाफ्ट एकमेकांत अडकून एकाच गतीनं फिरतात, गिअरबॉक्समधल्या दातांवर भार जवळजवळ येतच नाही. चौथ्यात आवाज मेला असता तर गिअरबॉक्सवर संशय घेतला असता. तो चौथ्यातही तितकाच होता. गिअरबॉक्समधून मागं जाणाऱ्या जॉइंट शाफ्टचा क्रॉस गेला असता तर गाडी उचलताना ‘टक्’ असा ठोका आला असता, अंगाला थरथर जाणवली असती. यातलं काहीच नव्हतं.

अॅक्सिलरेटर दाबला की सूर ताठ व्हायचा. पाय अर्धा उचलून गाडी नुसती वेगावर धरली की तो मऊ पडायचा. पाय पूर्ण सोडला की सूर तोच, पण खरखरीत. हे लक्षण मागच्या अॅक्सलमधल्या क्राऊन-पिनियन या गिअरच्या जोडीचं. गाडी ओढताना पिनियनचे दात क्राऊनच्या एका बाजूवर रेटतात; पाय सोडला की चाकंच उलट पिनियनला फिरवतात आणि भार दातांच्या दुसऱ्या बाजूवर जातो. दोन्हीकडं आवाज आहे, तर पिनियन आपल्या जागेवर पक्का नसावा.

अहमदपूर सोडून आम्ही माळाकोळीकडं निघालो, तेव्हा मामा बराच वेळ गप्प होते. गावच्या भजनी मंडळात ते पेटी वाजवतात. एकाएकी त्यांनी मला साठवरच ठेवायला सांगितलं, स्वतः बारीक ‘सा’ लावला आणि म्हणाले, “काळी दोन आहे ही.” मी ते मनात ठेवून दिलं.

नांदेडला देगलूर नाक्याकडं एक मिस्त्री आहेत, वयस्कर. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी रस्त्यावरचं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही, ही मला त्यांच्या हातांइतकीच मोठी गोष्ट वाटते. मग पुढच्या चाकांना दगड लावले, मागचा अॅक्सल दोन्ही बाजूंनी लोखंडी स्टँडवर घेतला, एकाला गिअरात गाडी चालवायला बसवलं आणि लांब टॉमीचं, म्हणजे लोखंडी सळईचं, एक टोक अॅक्सलच्या हौजिंगवर, दुसरं कानामागच्या हाडावर टेकवलं. दोन्ही चाकांकडं शांत. पिनियनच्या नाकाशी टॉमी टेकवली तसे ते माझ्याकडं वळले. “बेरिंग बोलतंय, बेटा. इथं ऐक.” मी टॉमी घेतली. सुराच्या खाली एक कोरडी, वाळू चघळल्यासारखी खरखर होती. गाडीत बसून ती ऐकू येणं शक्यच नव्हतं.

खालचा बोल्ट काढला आणि मामांच्या तोंडून “अरे देवा” निघालं. ऑइल मधाच्या रंगाचं, दाट यायला हवं. आलं ते दुधाच्या चहासारखं.

ऑइलात पाणी होतं, आणि ते कुठलं हे मामांना विचारावं लागलं नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, १७ आणि १८ तारखेच्या मधल्या रात्री मुखेड तालुक्यात भयंकर पाऊस झाला. लेंडी धरणाच्या भागातल्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरलं. माणसं गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं गेली, लष्कराला यावं लागलं. त्यानंतरचे दिवस मामांची पिकअप पाण्याचे जार, किराणा आणि कडबा घेऊन त्या बाजूला जात होती. ओढ्यांवरून पाणी वाहत असतानाच गाडी काढायची, कारण पलीकडं माणसं वाट बघत होती.

हौजिंगला वर एक छोटी श्वासनळी असते. गाडी चालून आली की आतली हवा तापलेली असते. तसंच हौजिंग गार पाण्यात बुडालं की हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढून घेते. नळी पाण्याखाली असेल तर आत जातं ते पाणीच, नाहीतर म्हाताऱ्या ऑइल सीलमधून झिरपतं. पुरानंतर एअर फिल्टर पाहिला गेला, इंजिनाचं ऑइल बदललं गेलं. गावोगाव तेवढंच पाहतात. मागच्या हौजिंगचा बोल्ट कुणी उघडत नाही.

पण खरं नुकसान पाण्यानं धावताना केलं नव्हतं, ते उभ्यानं केलं होतं. पिनियन बाहेर काढून चाचांनी बेरिंगचा कप पुसला आणि उजेडात धरला. खालच्या अर्ध्या भागात काळसर रेषा होत्या, एकीशेजारी एक, रोलर जितक्या अंतरावर बसतात तितक्याच अंतरावर. वरचा अर्धा भाग आरशासारखा. गाडी दिवसेंदिवस एकाच जागी उभी राहिली, पाणी तळाशी बसलं आणि जिथं जिथं रोलर टेकला होता तिथं तिथं गंजानं पोलाद खाल्लं. गाडी उभी का होती? पुरात आणि नंतरच्या पावसात सोयाबीन गेलं होतं. मोंढ्यावर न्यायला माल नव्हता, भाडं नव्हतं. कपावरच्या त्या रेषा मामांनी बोटानं चाचपून पाहिल्या आणि कप चाचांना परत दिला.

बेरिंग खडबडीत झालं, पिनियनला प्ले आला, दात आपल्या नेमक्या जागी बसेनासे झाले आणि दातांनी सूर धरला. सूर दातांचा, दुखणं बेरिंगचं. क्राऊनचे दात मी मोजले, ४१. टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातं. साठच्या वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेऱ्यांहून थोडं जास्त फिरतं. त्याला ४१ नं गुणलं की सेकंदाला सुमारे ३१० ठोके होतात. पेटीवरची मधल्या सप्तकातली काळी दोन ३११ ला वाजते. मामांचा कान बरोबर होता.

क्राऊन-पिनियन जोडीनंच बदलायचं असतं, एकटा भाग कधीच नाही. आणि जोडी महाग. चाचांनी ती बदलायची घाई केली नाही. नवी बेरिंगं, नवे सील, जुनेच शिम टाकून त्यांनी सगळं बसवलं आणि शेंदूर ऑइलमध्ये कालवून क्राऊनच्या काही दातांना लावला. पिनियन हातानं फिरवला. जिथं दाताला दात घासला तिथला शेंदूर निघून उघडं पोलाद दिसलं. ठसा दाताच्या मधोमध होता, टोकाकडं सरकलेला नव्हता. जोडी वाचली. डायल लावून दातांमधला प्ले पाहिला, तो मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. मग नवं नव्वद नंबरचं ऑइल, जीएल-५ दर्जाचं. या गिअरमध्ये दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही, आणि साधं ऑइल त्या दाबाखाली टिकत नाही. कुणी कुणी आवाज दाबायला १४० नंबरचं घट्ट ऑइल भरतात. आवाज दबतो, झीज चालूच राहते.

लोह्याच्या रस्त्यावर भरलेली गाडी साठला शांत गेली. पाय उचलला आणि कान दिला तर एक पुसट सूर अजून आहे; ढिल्या पिनियनसोबत दात काही काळ फिरले, त्याची खूण. श्वासनळीला रबरी पाइप जोडून त्याचं तोंड आम्ही केबिनच्या मागं उंच बांधलं आहे.

त्यानंतरच्या रविवारी मामांनी त्या दिवसांत पाण्यातून गेलेल्या गावातल्या पिकअप आणि टेम्पो आमच्या वाड्यापुढं बोलावले. एकेकाचा मागचा बोल्ट उघडून पाहिला. दोन गाड्यांचं ऑइल पांढुरकं निघालं. त्या दोन्ही गाड्यांना अजून आवाज लागला नव्हता. ऑइल तिथंच काढलं, आतून डिझेलनं धुतलं, नवं भरलं. आठवडाभर चालवून ते पुन्हा बदलायचं ठरलंय, आणि तोवर गाडी एका जागी उभी ठेवायची नाही.