चांगल्या कंपनीचं काय करायचं?

कंपनी वाईट असती तर हा प्रश्नच पडला नसता. मॅनेजर छळतोय, शनिवारी मीटिंग लावतोय, पगार रखडलाय, असं काही असलं की नोकरी सोडायला घरच्यांचीही ना नसते. माझी अडचण उलटी आहे. बाबा गेले तेव्हा कंपनी माझ्याशी फार चांगली वागली. आता नऊ महिन्यांनी मला ती सोडावीशी वाटतेय, आणि हे मोठ्याने म्हणायला जड जातंय.

बाबा खोपोलीतल्या एका कारखान्यात होते. वय 57. जूनच्या मध्यावर, भाताची पेरणी नुकतीच आटोपली होती, तेव्हा हार्ट अटॅकने गेले. मी पुण्यात होतो. खालापूर म्हटलं की बहुतेकांना एक्स्प्रेस-वेवरचा टोलनाका आणि फूडमॉल आठवतो. आमचं गाव तिथून आत, डोंगराच्या बाजूला. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मॅनेजरला मेसेज टाकला, तिचं उत्तर आलं, "लॅपटॉप उघडूच नकोस. बाकीचं मी बघते." तिने खरंच बघितलं. पंधरा दिवस भरपगारी रजा, नंतर तीन महिने घरून काम, आणि ऑफिसला यायचा नियम आला तेव्हा मला त्यातून सूट.

हे सगळ्यांना मिळत नाही. खाजगी नोकरीत जवळचं माणूस गेल्यावर रजा द्यायलाच हवी, असा वेगळा नियम आपल्याकडे नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत आणि 20 दिवस कामामागे एक भरपगारी रजा. म्हणजे तेराव्यापर्यंत घरी थांबायचं तर नैमित्तिक रजा पुरतच नाहीत. बाकी कंपनीची मर्जी. फेसबुकने 2017 मध्ये जवळच्या नातेवाइकासाठी 20 दिवसांची भरपगारी रजा केली. त्याआधी दोन वर्षं तिथल्या मोठ्या अधिकारी शेरिल सँडबर्ग यांचे पती अचानक गेले होते. वरच्या खुर्चीवर दुःख येऊन गेलं की नियम बदलतात.

आमच्याच तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवलं तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 जण बेपत्ता होते. वाचलेली माणसं चौकजवळ कंटेनरच्या घरांत राहिली. रोजंदारीवर जाणाऱ्याला रजा नसते, खाडा असतो. म्हणून माझा प्रश्न हा सोय असलेल्या माणसाचा प्रश्न आहे, हे मला कळतं. पण कळलं म्हणून तो सुटत नाही.

ती पंधरा दिवसांची रजा गेली कशात? लोकांना वाटतं दुःखात. निम्मी गेली कागदांत. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत. मग दाखल्याच्या प्रती, त्या कितीही काढल्या तरी कमीच पडतात. बाबा नोकरीत असताना गेले, म्हणून पीएफसाठी फॉर्म 20, आईच्या पेन्शनसाठी 10-डी, विम्यासाठी 5-आयएफ. सातबाऱ्यावर वारस नोंद: तलाठ्याकडे अर्ज, नोटीस, हरकतीसाठी 15 दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. प्रत्येक खिडकीवर बाबांचं पूर्ण नाव सांगायचं आणि पुढे "मयत" लिहायचं. पाचव्या-सहाव्या वेळेला हात सरावला, त्याचंच वाईट वाटलं. रडू आलं ते नंतर, जुलैत, लावणीला बांधावर उभा होतो तेव्हा. रजा तेव्हा संपलेली होती.

नोकरी सोडावी हे डोक्यात आलं दिवाळीनंतर. मित्र म्हणाला, "वर्षभर मोठा निर्णय घेऊ नये." काकू म्हणाल्या, लग्नाचं बघायचं तर वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. म्हणजे एकीकडे थांबा आणि दुसरीकडे घाई करा, दोन्ही सल्ले त्याच वर्षासाठी. मी शेवटी वहीत दोन रकाने केले, सोडायची कारणं आणि राहायची कारणं. प्रत्येक कारणापुढे एकच प्रश्न लिहिला: बाबा असते तरी हे कारण असतं का?

सोडायच्या बाजूला पहिलं: सकाळी दहाच्या स्टँडअप मीटिंगमध्ये असताना तो फोन आला होता. अजूनही दहा वाजले की पोटात गोळा येतो. बाबा असते तर हे नसतं. आणि दहा तर दुसऱ्या कंपनीतही वाजणारच. खोडलं.

दुसरं: सगळे माझ्याशी फार हळू बोलतात. पूर्वी माझ्या कोडवर वीस-वीस कमेंट यायच्या, आता दोन येतात आणि त्यातल्या एकीत अंगठा असतो. हेही बाबा असते तर नसतं. पण हे सांगून बदलता येतं. खोडलं.

तिसरं: चार वर्षं मी एकाच बिलिंग सिस्टीमचे रिपोर्ट सांभाळतोय. नवीन काही शिकून दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी मे महिन्यातच मी दुसरीकडे बघायला सुरुवात केली होती, बाबा ठणठणीत असताना. हे कारण खोडता आलं नाही.

मग राहायच्या बाजूलाही तोच प्रश्न लावला. बाबांना या नोकरीचा अभिमान होता. खोपोली लोकलमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते कंपनीचं नाव सांगायचे. पण नाव दुसरं असतं तर तेही सांगितलंच असतं. आईजवळ राहता येतं, हे कारण खरं वाटत होतं. ते मी तिच्यासमोर ठेवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कुणी विचारलं तर माझ्यासाठी थांबलोय असं सांगू नकोस. उद्या तुझं काही बिनसलं तर ते माझ्या डोक्यावर बसेल. तुला घरून काम करायचंय तर तुझ्यासाठी कर." मग थोड्या वेळाने, "आणि शनिवारी येत जा."

उरलं उपकार. ते मात्र बाबा असते तर नसतंच. मग हे कारण खोडायचं का? इथे माझी वही अडकली. माणसाने आपल्या वाईट दिवसांत साथ दिली, तर त्याची परतफेड त्याच्याकडे राहून करायची असते, असं आपल्या मनात फार खोल बसलेलं आहे. पण किती वर्षं राहिलं की फिटतं? याला हप्ता नाही, मुदत नाही.

शेवटी मी जिला देणं लागतो असं वाटत होतं तिलाच विचारलं. मॅनेजरला सगळं सांगितलं, मे महिन्यापासूनचं, कोडच्या कमेंटचंही. ती जराशी चिडली. "रजा दिली तेव्हा तू किती वर्षं राहशील असं विचारलं होतं का मी?" मग ती कामाचं बोलायला लागली: रिपोर्टचं काम दुसऱ्या कुणाला शिकवायला किती महिने लागतील, कधीपासून सुरुवात करायची. दुसऱ्या दिवशी माझ्या कोडवर चौदा कमेंट होत्या. बऱ्याच बरोबर होत्या.

आता ठरलंय ते असं. जूनमध्ये वर्षश्राद्ध होईल. तोवर वारस नोंदीचं जे अडलंय ते मार्गी लावायचं आणि नवं शिकायचं. ऑगस्टमध्ये राजीनामा. नोटीस 90 दिवसांची, म्हणजे नोव्हेंबर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मला इथे पाच वर्षं पूर्ण होतात आणि ग्रॅच्युइटी लागू होते. माझ्या बेसिकवर ती सव्वा लाखाच्या आत बसते. बाबांनी हा हिशोब सगळ्यात आधी केला असता.

भीती आहेच. नव्या ठिकाणी कुणाला बाबा माहीत नसतील. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सहज विचारेल, घरी कोण कोण असतं? तेव्हा मला ते वाक्य अगदी पहिल्यापासून म्हणावं लागेल. इथे ते म्हणावं लागत नाही, सगळ्यांना माहीत आहे. ही नोकरी सोडताना खरं काय सुटणार आहे, तर हे. त्याच्यासाठी कुठला रकाना करावा ते मला सुचलेलं नाही, म्हणून ते वहीत तसंच, समासात लिहून ठेवलंय.