मोरीमागची कर्दळ

तुमच्या मोरीचं पाणी बाहेर जिथे पडतं, तिथे काय लावलंय? आमच्या धाराशिव जिल्ह्यात बऱ्याच घरी तिथे एक तर अळू असतो, नाही तर कर्दळ. केळीसारखी रुंद पानं आणि लाल नाही तर पिवळी फुलं. विहिरीनं तळ गाठला तरी घरात आंघोळी होतात, भांडी घासली जातात. तेवढ्या सांडपाण्यावर ती तग धरते.

मी सांगणार आहे ती कर्दळ माझ्या आजीची. आजीचं गाव सास्तूरजवळ. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद! लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं त्याखाली गेली. आमचे आजोबाही गेले. आजी अंगणात बाजेवर झोपली होती, म्हणून वाचली.

पुढे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. महिनाभरानं आजी बाबांना घेऊन पडक्या घराकडे गेली. सगळ्यांना वाटलं, भांडीकुंडी शोधायला गेली असेल. ती परत आली ती घमेल्यात कर्दळीचे गड्डे घेऊन! आई काही बोलणार, तोच आजी म्हणाली, "ह्यांनी लावलेली हाय." मग कुणीच काही बोललं नाही.

नव्या गावात घर मिळाल्यावर कर्दळ मोरीमागे गेली. पहिली दोन-तीन वर्षं काय फुलली म्हणून सांगू! मग मात्र फुलं कमी होऊ लागली. कडेला कोंब दाटले आणि मधला भाग बोडका पडला. मी तेव्हा सहावीत होतो. मृगाचा पाऊस पडला आणि आजीनं माझ्या हातात कुदळ दिली. "उकर अन् तोड."

मी तयारच होईना. आजोबांची कर्दळ तोडायची?

"न तोडता ठेवलीस तर दाटीनंच मरंल की रं ती," आजी म्हणाली.

आजीचं खरं होतं. कर्दळीचा गड्डा म्हणजे मूळ नव्हे, ते जमिनीतलं आडवं खोड. आलं आणि हळद असतात ना, तसंच. ते दरवर्षी पुढे पुढे सरकतं, आणि मागचा जुना भाग थकत जातो. शिवाय कर्दळीचा एक दांडा एकदाच फुलतो. फुलं सरली की तो बुडातून कापायचा, म्हणजे नव्या कोंबांना जागा होते.

आम्ही दांडे वीतभर ठेवून कापले. बुंध्यापासून हातभर लांब कुदळ घातली. जवळ घातली तर गड्डाच चिरतो (माझे दोन चिरले!). माती झटकून विळ्यानं तुकडे केले, प्रत्येकाला दोन-तीन डोळे राहतील असे. कुजलेला भाग फेकून दिला. कापलेल्या जागेला चुलीतली राख लावली, आणि दिवसभर सावलीत सुकवून दीड-दोन हातांवर, चार बोटं खोल, डोळे वर करून लावले.

थंड मुलखात आयरिस नावाचं सुंदर फूल होतं. त्याचेही गड्डे दर तीन-चार वर्षांनी असेच सोडवतात. फक्त त्याच्या गड्ड्याला पाठीवर ऊन लागतं, म्हणून तो अर्धा उघडाच ठेवतात. आपल्याकडे कर्दळ तशी उघडी ठेवाल तर उन्हाळ्यात तिचा कोळसा होईल.

तर, नऊ तुकडे निघाले. आजीनं तीन लावले आणि सहा शेजारीपाजारी वाटून टाकले. मला इतका राग आला, की रात्री मी जेवलोच नाही. आजोबांची आठवण अशी गल्लीभर वाटतात का?

पुढे २०१६ चा दुष्काळ आला. आठवतं ना, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं? त्या उन्हाळ्यात आजी आजारी होती, म्हणून आमच्याकडे शहरात आली होती. गावचं घर चार महिने बंद, मग मोरीला पाणी कुठून येणार? जूनमध्ये मी जाऊन उकरलं, तर गड्डे बुचासारखे पोकळ झाले होते. आजीला काय सांगायचं, या विचारात मी तिथेच बसून राहिलो.

तिसऱ्या घरातल्या काकूंनी पाहिलं असावं. त्या घरात गेल्या आणि घमेलं घेऊन आल्या. "घे बाबा, तुमचीच हाय."

आणि ती खरंच आमचीच होती. कर्दळीचं काळं बी फार चिवट असतं. अर्जेंटिनात एका थडग्यातल्या खुळखुळ्यात सुमारे सहाशे वर्षांपूर्वीचं कर्दळीचं बी सापडलं, तेही रुजलं! पण बियांतून येणारं रोप आईसारखंच निघेल, याचा भरवसा नसतो. गड्ड्याच्या तुकड्यातून मात्र तेच झाड पुढे वाढतं. काकूंच्या घमेल्यात आजोबांनी लावलेलीच कर्दळ होती.

आजीनं तो गड्डा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "डोळं चांगलं हायती," एवढंच म्हणाली.

आजी आता नाही. कर्दळ माझ्या शहरातल्या मोरीमागे आहे. मध्ये पुन्हा बोडकी दिसायला लागली आहे. मृग लागला की उकरणार आहे. आठ-दहा तुकडे तरी निघतील, आणि आमच्या गल्लीत अजून कुणाकडे कर्दळ नाही.