तारेतलं अंतर

तवांगला पोस्टिंग असतानाची गोष्ट. रस्त्याच्या कामात सेला खिंडीच्या अलीकडे कुठेतरी ऑप्टिकल फायबर केबल तुटली आणि मोबाइल बंद पडले. माझ्या एका जवानाची बायको गावी बाळंतपणासाठी अडलेली. तो दिवसभर फोन हातात धरून बसलेला.

दुरुस्तीला सरकारी दूरसंचार खात्यातले एक गृहस्थ आले. भूगोलाचे पदवीधर, सारी नोकरी केबलचे नकाशे करण्यात गेलेली. एनडीएत मॅप रीडिंगला मला चांगले मार्क होते. मी ऐटीत टोपोशीट पसरली. ते हसले.

"साहेब, १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. एवढं खणणार?"

त्यांच्या यंत्राने तुटीचं अंतर दाखवलं, पण ते तारेतलं, रस्त्यावरचं नव्हे. जोडापाशी जादा केबलची वेटोळी पुरलेली असतात. त्यांची लांबी त्यांच्या वहीत होती, स्वतः चालून टिपलेली. ती वजा करून त्यांनी एका मोरीपाशी खणायला सांगितलं. केबल तिथेच तुटलेली.

संध्याकाळी जवान धावत आला. मुलगी झाली होती.

गूळ घेऊन मी त्या गृहस्थांकडे गेलो. ते टॉर्चच्या उजेडात नव्या जोडाची नोंद वहीत करत होते.