वईतला अडुळसा

कणकवलीत उड्डाणपूल झाल्यापासून गोव्याकडे धावणाऱ्या प्रवाशाच्या नजरेस हे गाव पडेनासे झाले आहे. आपण मात्र पुलाखाली उतरावे आणि गड नदीच्या बाजूने वागद्याकडे वळावे. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ साली स्थापिलेला गोपुरी आश्रम इथलाच. पुढे कोणत्याही वाडीत शिरा, जांभ्याचे गडगे लागतात, वई लागते, आणि त्या वईत निगडीच्या शेजारी लांबट, टोकदार पानांचा अडुळसा उभा असतो. तो तिथे औषधासाठीच लावलेला असतो असे नाही. कडूपणामुळे गुरे त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो राखणदार. औषध हा त्याचा जोडधंदा!

आपल्या परसात तो आणणे अगदी सोपे आहे. पावसाच्या आरंभी तीन-चार पेरांची, वीतभर लांबीची जून फांदी तिरकी छाटून लावावी. इथल्या धो-धो पावसातही पाणी साचणार नाही असा उंचवटा तेवढा निवडावा. जागा नसल्यास मोठी कुंडीही पुरते.

कोवळी नव्हे, पक्व पाने घ्यावीत. कच्ची पाने कुटून रस फारसा निघत नाही. ती वाफवून मग पिळावीत. दोन चमचे रस मधातून घेण्याची जुनी रीत आहे. मधुमेह असल्यास मधाचा हिशेब ठेवावा लागेल, हे ओघाने आलेच. अडुळशातील वासिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन आणि पुढे अम्ब्रोक्झॉल ही कफ पातळ करणारी औषधे निर्माण झाली. तेव्हा वईतल्या या झाडाला क्षुल्लक समजू नये, आणि निरुपद्रवीही समजू नये. वासिसीनमुळे गर्भाशय आकुंचन पावते. म्हणून आजोबांसाठी काढलेला रस घरातील गर्भवतीला कदापि देऊ नये.

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांनी विशेष जपावे ते खोकल्याच्या कारणाला. चिकट कफ सुटण्यास अडुळसा साहाय्य करील. परंतु एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा, चिवट खोकला लागतो. तिथे वाट्यामागून वाट्या रस पाजला तरी व्यर्थ. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. आडवे होताच खोकला वाढत असेल आणि पायांवर सूज असेल, तर हृदयाची तपासणी हवी. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयाची शंका धरून थुंकी तपासावी. ही तपासणी सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते, आणि उपजिल्हा रुग्णालय कणकवलीतच आहे. रक्त पडले, धाप लागली वा ताप आला, तर दोन आठवडेही थांबू नये. त्या दिवशी पाने झाडावरच राहू द्यावीत.